एएलएस झालेल्या आई-वडिलांसाठी पोटातील नळी: निर्णय केव्हा आणि कसा घ्यावा

एएलएस या आजारात स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या मेंदूतील आणि मज्जारज्जूतील चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होत जातात. हातापायांचे बळ कमी होते ते सर्वांना दिसते. जीभ, घसा आणि श्वासपटल यांचे बळ मात्र बरेच दिवस कोणाच्या लक्षात न येता कमी होत राहते. पोटात नळी बसवून तिच्यातून अन्न द्यायचे की नाही, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो आणि बहुतेक घरांत तो उशिरा उभा राहतो. ‘अजून तोंडाने जेवताहेत ना, मग नळीचे आत्ताच कशाला?’ हा विचार स्वाभाविक असला, तरी तो चुकीच्या घड्याळाकडे पाहून केलेला असतो. नळीची गरज गिळण्यावरून ठरते, पण ती सुरक्षितपणे बसवण्याची मुदत श्वासावरून ठरते, आणि या दोन्ही क्षमता एकाच वेगाने घसरत नाहीत. घास ठीक जात असतानाच फुप्फुसांची ताकद इतकी उतरलेली असू शकते की, पुढे नळी हवीशी वाटेल तेव्हा ती बसवणेच जोखमीचे ठरते. खाली सोयीसाठी ‘वडील’ असे लिहिले आहे. आईच्या बाबतीतही सर्व तसेच लागू आहे.

आधी वजन आणि जेवण यांची नोंद सुरू करा

निदान झाले त्या वेळचे वजन शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे. त्यानंतर दर एक-दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर, साधारण त्याच वेळी वजन घ्या. उभे राहता येत नसेल, तर चाकाच्या खुर्चीसह वजन करता येईल असा काटा रुग्णालयात असतो. खुर्चीचे वजन वेगळे घेऊन ते वजा करावे. निदानाच्या वेळी ६० किलो वजन असेल, तर ३ किलोंची घट म्हणजे ५ टक्के आणि ६ किलोंची घट म्हणजे १० टक्के. ब्रिटनमधील २४ केंद्रांत नळी बसवलेल्या ३४५ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी बसवण्यापूर्वीच ज्यांचे वजन निदानाच्या वजनापेक्षा १० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांचे पुढील आयुष्य इतरांपेक्षा कमी राहिल्याचे त्यात दिसले. म्हणूनच घट ५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की, नळीचा विषय ‘पुढे बघू’ या रकान्यातून बाहेर काढावा. ‘स्नायू झिजले म्हणून वजन उतरले, जेवण तर तेवढेच आहे’ अशी समजूत घरोघरी घातली जाते. ती अर्धीच खरी असते, कारण या आजारात अनेकांच्या शरीराला विश्रांतीतही नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि तेवढेच जेवण अपुरे पडते.

काट्याइतकेच जेवणाच्या वेळीही बरेच काही कळते. शेजारी बसून एकदा शांतपणे पाहावे. पाण्याचा एक घोट घेतल्यावर घसा दोनदा-तीनदा हलतो का, घोटानंतर आवाज घशात पाणी राहिल्यासारखा घरघरतो का, घास गालात साठून राहतो का, आणि अर्धे ताट उरलेले असताना ‘पोट भरले’ असे म्हणून ते हात बाजूला घेतात का, हे पाहावे. एएलएसमध्ये ‘पोट भरले’ याचा अर्थ पुष्कळदा ‘दमलो’ असा असतो. जेवणाला अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ लागू लागणे, गोळ्या टाळल्या जाणे, ठसका लागतो म्हणून पाणी कमी पिणे आणि त्यामुळे लघवी गडद होणे किंवा बद्धकोष्ठता वाढणे, छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणे, या सर्व खुणा तारखेसह नोंदवाव्यात. ठसका लागत नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे मात्र गृहीत धरू नये. खोकण्याचे स्नायूच दुबळे झाले असतील, तर अन्न श्वासनलिकेत जाऊनही ठसका येत नाही.

ही नोंद घेऊन स्पीच थेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांना भेटावे. घास कसा जातो ते क्ष-किरणांच्या चलत्चित्रात किंवा नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीने पाहता येते. अन्नाचा पोत बदलणे, द्रव घट्ट करणे, हनुवटी खाली घेऊन गिळणे आणि प्रत्येक घासातील ऊर्जा वाढवणे या उपायांनी काही महिने हाती लागू शकतात. ते महिने विचारासाठी वापरावेत. नळीचा विषय त्यामुळे मिटत नाही.

मग श्वासाचे आकडे मागून घ्या

श्वसनाची जी तपासणी दर काही महिन्यांनी होते, तिच्यातील ‘एफव्हीसी’ हा आकडा कुटुंबाने स्वतः मागून घ्यावा आणि वजनाच्या शेजारी लिहावा. पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली हवा अपेक्षेच्या किती टक्के आहे, ते तो सांगतो. हा आकडा ५० टक्क्यांच्या खाली जाण्यापूर्वी नळी बसवावी, अशी शिफारस वर्षानुवर्षे केली जाते, कारण त्याखाली भूल, आडवे झोपणे आणि नंतर खोकून कफ काढणे हे सर्वच अवघड होते. तरीही ५० ही काही भिंत नाही. त्याखालच्या रुग्णांनाही बायपॅपच्या, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या, आधाराने नळी बसवली जाते. जोखीम वाढते आणि अनुभवी चमूची गरजही वाढते, एवढे खरे. व्यवहारात महत्त्वाचा असतो तो घसरणीचा वेग. तीन महिन्यांत ८० वरून ६५ वर आलेल्या माणसाने ५० ची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

एक बारकावा लक्षात ठेवावा. ओठ दुबळे झाले असतील, तर तपासणीच्या नळीभोवती ते घट्ट मिटत नाहीत, कडेने हवा निसटते आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. अशा वेळी तोंडावर मास्क लावून मोजता येते का, किंवा नाकाने हुंगून केली जाणारी चाचणी करता येईल का, हे विचारावे. उलट बाजूने, बसून घेतलेला आकडा बरा असूनही आडवे पडल्यावर दम लागत असेल, झोप मोडत असेल, सकाळी डोके दुखत असेल किंवा दिवसा गुंगी येत असेल, तर श्वासपटल थकले असण्याची शक्यता असते. ही लक्षणे डॉक्टरांनी विचारेपर्यंत न थांबता आपणच सांगावीत. अशा वेळी रक्तातील कार्बन डायऑक्साइड तपासून गरज असल्यास आधी बायपॅपची सवय करून घेतात आणि मग नळी बसवतात.

नळीकडून काय अपेक्षा ठेवावी

नळी आजार थांबवत नाही. तिच्यामुळे आयुष्य किती वाढते, हे यादृच्छिक चाचण्यांनी (रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या तुलनेने) सिद्ध झालेले नाही, कारण तशा चाचण्या झालेल्याच नाहीत. जे ठाऊक आहे ते रुग्णांच्या निरीक्षणातून आलेले आहे. वजन सावरणे, पाणी पुरेसे जाणे, औषधे वेळेवर पोटात पोहोचणे आणि दिवसाचे चार-पाच तास खाणारी जेवणाची झटापट संपणे, हे तिचे भरवशाचे फायदे आहेत. यांतल्या शेवटच्या फायद्याला कागदावर फारसे वजन मिळत नाही. माझ्या मते अनेक कुटुंबांसाठी तोच सर्वांत मोठा असतो. नळी बसली म्हणजे तोंडाने खाणे बंद, असेही नाही. गिळणे सुरक्षित आहे तोपर्यंत आवडीचे चार घास तोंडाने आणि बाकी पोषण नळीने, असा मेळ पुष्कळ जण घालतात.

लाळ मात्र तशीच राहते. ती श्वासनलिकेत उतरण्याचा धोका नळीने टळत नाही, आणि पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोकाही उरतोच. लाळेसाठी औषधे, बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने आणि सक्शन मशीन हे उपाय वेगळे करावे लागतात. तसेच नळीला होकार म्हणजे पुढे गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटरलाही होकार, असे मुळीच नाही. हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, आणि वडिलांच्या मनात त्यांची सरमिसळ झालेली असू शकते.

नाकातून पोटात जाणारी नळी लगेच घालता येते आणि काही दिवस किंवा आठवडे निभावून नेता येतात. पण ती घशाला टोचते, चेहऱ्यावर दिसते, निसटते आणि बायपॅपचा मास्क नीट बसू देत नाही. दीर्घकाळासाठी ती पर्याय ठरत नाही.

पोटातील नळी मुख्यतः दोन मार्गांनी बसवतात. तोंडातून दुर्बीण घालून, पोटाच्या भिंतीला लहानसे छिद्र पाडून बसवलेली ती ‘पेग’. ही पद्धत १९८० मध्ये वैद्यकीय जगापुढे आली. दुसऱ्या पद्धतीत क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाने बाहेरून नळी बसवतात. तिला गुंगीचे औषध कमी लागत असल्याने श्वास दुबळा असलेल्यांसाठी ती अनेक ठिकाणी पसंत करतात. वर उल्लेख केलेल्या ब्रिटिश अभ्यासात पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूंच्या बाबतीत पद्धतींमध्ये ठळक फरक आढळला नाही. म्हणून पद्धतीच्या नावावर अडून बसण्यापेक्षा, एएलएसच्या रुग्णांना नळी बसवण्याचा अनुभव या चमूला किती आहे, प्रक्रियेच्या वेळी बायपॅप चालू ठेवता येईल का, डोके उंच ठेवून ती करता येईल का आणि त्या वेळी कार्बन डायऑक्साइडवर लक्ष कोण ठेवणार, हे प्रश्न विचारावेत. श्वासाला यांत्रिक आधार न देता नुसता ऑक्सिजन वाढवत राहिल्यास बोटावरील यंत्र चांगला आकडा दाखवते आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो, हे चमूला ठाऊक आहे ना, याची खात्री करून घेण्यात संकोच नसावा.

वडिलांशी बोलणे

निर्णय त्यांचा आहे. हे सर्वांना मान्य असते, तरी प्रत्यक्षात मुले आपसात ठरवतात आणि वडिलांना ‘कळवतात’. त्यांचा आवाज स्पष्ट आहे तोवर हे बोलणे सुरू करावे. पुढे अक्षरफलकावर एकेक अक्षर दाखवत किंवा डोळ्यांच्या हालचालीने ‘हो-नाही’ सांगत इतका मोठा विषय मांडणे त्यांना फार थकवते. एएलएसच्या निम्म्यापर्यंत रुग्णांत विचारशक्तीत किंवा वागण्यात थोडाफार बदल आढळतो आणि साधारण दहा-पंधरा टक्क्यांना एका विशिष्ट प्रकारचा स्मृतिभ्रंश होतो. वडील अचानक उतावीळ, निर्विकार किंवा हेकट झाले असतील, तर तो स्वभाव आहे की आजाराचा भाग, हे न्यूरोलॉजिस्टकडून तपासून घ्यावे. त्यावरून ते निर्णय घेऊ शकतात की नाही, आणि त्यांना माहिती किती लहान तुकड्यांत द्यावी लागेल, हे ठरते.

‘नळी बसवायची का?’ या थेट प्रश्नाला पहिले उत्तर बहुधा ‘नको’ असेच येते, आणि तो नकार पुष्कळदा नळीपेक्षा तिच्यामागे दिसणाऱ्या शेवटाला असतो. सुरुवात वेगळीकडून करावी. ‘बाबा, जेवताना तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ ‘ठसका लागला की भीती वाटते का?’ ‘उद्या अजिबात गिळता आले नाही, तर तुम्हाला काय चालेल आणि काय चालणार नाही?’ अशा प्रश्नांना मिळणारी उत्तरे कामाची असतात. एखाद्याला नळीपेक्षा परावलंबनाची भीती असते. एखाद्याला वाटते, नळीमुळे आपले दुखणे विनाकारण लांबत जाईल. एखाद्याला फक्त शर्टाखाली ती दिसेल का, एवढेच विचारायचे असते. (दिसत नाही, नळी बारीक असते आणि अंगाला चिकटवून ठेवता येते.) प्रत्येक भीतीचे उत्तर वेगळे आहे. शक्य असल्यास नळी बसवलेल्या दुसऱ्या रुग्णाशी किंवा त्याच्या घरच्यांशी भेट घडवावी. प्रत्यक्ष नळी हातात घेऊन पाहिली, साठ मिलिलिटरची सिरिंज वर धरल्यावर पाणी आपल्या वजनाने कसे खाली उतरते ते पाहिले, की अनेकांच्या मनातली रुग्णालयी भीती ओसरते. काहींच्या मनातली वाढते. तेही आधीच कळलेले बरे.

घरातील इतरांनाही या चर्चेत आणावे, विशेषतः दूर राहणाऱ्या भावंडांना, कारण शेवटच्या क्षणी फोनवरून येणारा ठाम सल्ला निर्णय उलटवू शकतो. रोजची देखभाल कोण करणार, हे नावानिशी ठरवावे. आईचे वय झाले असेल आणि तिच्या हातांना कंप असेल, तर दिवसातून पाच वेळा सिरिंज जोडण्याचे काम तिच्यावर ढकलून सर्वांनी मोकळे होऊ नये.

काय ठरले ते लिहून ठेवावे: नळी हवी की नको, हवी असल्यास कोणत्या परिस्थितीत ती वापरणे थांबवावे, आणि बोलता येईनासे झाल्यावर त्यांच्या वतीने कोण बोलेल. हा कागद उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या नोंदीत जोडून घ्यावा.

‘नको’ असे ठरल्यास

पूर्ण समजून दिलेला नकार हा धड निर्णय आहे, आणि तो बदलायला दर महिन्याला नवे कारण घेऊन जाणे हा छळ आहे. मात्र श्वासाची मुदत संपत आली असताना एकदा स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे: ‘यापुढे विचार बदलला, तर नळी बसवणे कठीण होईल.’ त्यानंतर विषय त्यांच्यावर सोडावा. उपशामक उपचारांच्या, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, चमूशी लगेच संपर्क साधावा. धाप, लाळ, घशातील कोरड आणि अस्वस्थता यांवर परिणामकारक औषधे असतात. तोंडाने द्यायचे ते सुखासाठी, थोडे आणि न थकवता द्यावे. घास अडकून गुदमरूनच अंत होईल, ही भीती फार असते. पण एएलएसमध्ये मृत्यू बहुतांशी श्वसनाच्या स्नायूंचे बळ संपत गेल्याने येतो, गुदमरून मृत्यू येणे क्वचित घडते.

‘हो’ असे ठरल्यास

तारीख घेण्यापूर्वी रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वीच्या पोटाच्या शस्त्रक्रिया आणि औषधांच्या ॲलर्जी डॉक्टरांना सांगाव्यात. छातीचा संसर्ग असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबणे योग्य. रुग्णालयात जाताना बायपॅप, सक्शन मशीन आणि अक्षरफलक सोबत न्यावेत. शेवटची वस्तू हमखास घरी राहते आणि मग वेदना होत असूनही माणसाला ते सांगता येत नाही.

पहिले काही दिवस छिद्राभोवती दुखते आणि पोट फुगल्यासारखे वाटते. फार वजन घटलेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न सुरू केल्यास रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायक रीतीने घसरू शकतात. म्हणून सुरुवात संथ ठेवून रक्ततपासणी करतात. ‘एवढेसेच का देताहेत?’ असे वाटले, तरी घाई करू नये. पोट कडक होणे, वाढत जाणारी वेदना, ताप, नळीतून रक्त येणे, किंवा अन्न देताना तीव्र वेदना होणे यांपैकी काही दिसले, तर अन्न थांबवून त्वरित डॉक्टरांना गाठावे.

रोजच्या कामाची पद्धत अशी. वडिलांना किमान ३० ते ४५ अंश उंच टेकवून बसवावे आणि अन्न दिल्यानंतरही अर्धा ते एक तास तसेच ठेवावे. हात धुऊन प्रथम साधारण ३० मिलिलिटर पाणी सोडावे, मग आहारतज्ज्ञांनी ठरवलेले अन्न सावकाश द्यावे आणि शेवटी पुन्हा पाणी सोडून नळी स्वच्छ करावी. सिरिंजचा दांडा जोराने दाबण्यापेक्षा ती हातभर उंच धरून अन्न आपल्या वजनाने उतरू द्यावे. वेग वाढवायचा असेल तर हात थोडा वर घ्यावा, मळमळ वाटली तर खाली. औषधे एकेक करून, बारीक पूड पाण्यात विरघळवून आणि प्रत्येकाच्या मध्ये पाणी सोडून द्यावीत. अन्नात मिसळू नयेत. शरीरात हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटू नयेत. फार्मासिस्टकडून संपूर्ण यादी तपासून द्रवरूप पर्याय विचारावेत. एएलएसवर दिले जाणारे रिलुझोल हे औषध द्रवरूपातही तयार होते.

छिद्राभोवतीची त्वचा रोज साध्या साबणपाण्याने धुऊन कोरडी करावी. नळी फिरवायची की नाही, किती आणि कोणत्या दिवसापासून, हे तिच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून घरी निघण्यापूर्वी ते लिहून घ्यावे. नळीचा प्रकार, जाडी, बसवल्याची तारीख आणि बदलण्याची तारीख यांचा कागद दर्शनी जागी लावावा. आत पाण्याचा फुगा असलेल्या नळ्या साधारण दर काही महिन्यांनी बदलतात.

नळी निघून आली, तर काय करायचे ते आधीच ठरलेले असावे. पहिल्या काही आठवड्यांत, छिद्राचा मार्ग पक्का होण्यापूर्वी ती निघाली, तर घरी पुन्हा आत घालण्याचा प्रयत्न करू नये. ती पोटाच्या बाहेर, उदरपोकळीत जाऊ शकते. स्वच्छ कापड ठेवून थेट रुग्णालय गाठावे. मार्ग पक्का झाल्यावरही उशीर चालत नाही, कारण छिद्र काही तासांतच आक्रसू लागते.

दर तीन महिन्यांनी वजन, श्वास आणि वडिलांचे स्वतःचे मत यांचा एकत्र आढावा घ्यावा. आजार पुढे गेल्यावर पोट जड होणे, उलटी होणे किंवा कफ वाढणे सुरू झाले, तर अन्नाचे प्रमाण कमी करणे योग्य असते; आणि त्यांनी लिहून ठेवलेली परिस्थिती आली, तर उपशामक चमूच्या देखरेखीखाली नळीने अन्न देणे थांबवता येते. नळी तेव्हाही काढावी लागत नाही. वेदना आणि धाप यांची औषधे तिच्यातूनच देता येतात.